म्हाळूनं लॅपटॉप सांभाळला

एका गावात एक भोळा म्हाळू होता. तसे गावात भोळे आणखीही होते, पण ते सवडीनं. म्हाळू बारा महिने भोळा. अंगणात वीसेक कोंबड्या, कोपऱ्यात उकिरडा, घरात एक म्हातारी आत्या आणि एक शिकलेली बायको, एवढा त्याचा संसार.

बायकोचं नाव वैजयंता. गावच्या बायका तिचा हेवा करायच्या, कारण म्हाळू बायकोचा शब्द खाली पडू देत नसे. 'पाणी भरा' म्हटलं की भरायचा. 'थांबा' म्हटलं की थांबायचा. एकदा ती 'जरा थांबा हं' म्हणून शेजारी गेली आणि गप्पांत विसरली. म्हाळू दिवेलागणीपर्यंत एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, असा उभा होता. हेवा करणाऱ्या बायकांना हे ठाऊक नव्हतं.

वैजयंतानं मास्तरणीचा कोर्स केला होता. तीन वर्षं झाली, नोकरी मिळत नव्हती. म्हणून ती रोज नऊच्या एसटीनं तालुक्याला शिवण शिकायला जायची आणि पाचच्या एसटीनं परत यायची. शिवणात तिचं मन नव्हतं. सुईलाही ते कळायचं, ती तिच्या बोटातच जास्त शिरायची. अशात शेजारच्या माळेवाडीच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला बाई हव्यात असं कळलं. तिनं अर्ज केला. उत्तर आलं: रविवारी अकरा वाजता मुलाखत. संस्थेचे लोक शहरात राहणारे, म्हणून मुलाखत लॅपटॉपवर. ही नोकरी मिळाली तर ती शिकवणार, नाहीतर जन्मभर झबली शिवणार.

तिच्या भावानं, दिनकररावानं, आपला जुना लॅपटॉप आणून दिला. पण एक अडचण होती. गावात वीज फक्त दुपारी असायची आणि दुपारी वैजयंता तालुक्याला असायची. लॅपटॉप सांभाळायचं काम आलं म्हाळूकडं.

दिनकररावांनी झाकण उघडलं. पडद्यावर अक्षरं आली, 'स्वागत आहे'. म्हाळूनं लगेच चपला काढल्या.

"कशाला, कशाला! घरचीच मानसं आमी," तो हात जोडून लॅपटॉपला म्हणाला.

"दाजी, हिकडं बघा," दिनकरराव म्हणाले. "हे मांडीवर घेऊन बसायचं असतं, म्हणून ह्याला लॅपटॉप म्हणतात. लाईट आली की वायर लावायची. पुरता भरला की काढायची. आन मधीच अडकला, काय ऐकंना झाला, तर हे बटण दाबून धरायचं आन धा आकडे मोजायचे. बंद हुतो. परत चालू केला की शान्यासारखा वागतो."

"बरं झालं सांगितलंत," म्हाळू म्हणाला. "आता ध्यानात ठिवलं."

म्हाळूचा हाच गुण मोठा. तो सगळं ध्यानात ठेवायचा.

मंगळवारी वैजयंता गेली. दुपारी वीज आली. म्हाळूनं वायर लावली आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला. खाली ठेवला तर त्याला लॅपटॉप कोण म्हणणार? थंडीचे दिवस होते, म्हणून त्याच्यावर गोधडी घातली. गोधडीवर घोंगडी घातली. मांडीला मुंग्या आल्या, कोंबड्या घरात शिरल्या, आत्या जेवायला हाका मारून दमली, म्हाळू हलला नाही. संध्याकाळी वैजयंता आली तेव्हा लॅपटॉप तव्यासारखा तापला होता आणि म्हाळूची मांडीही.

"अहो, हे काय केलंत!"

"मांडीवर घेतला. दिनकरराव बोललं तसंच केलं."

"अहो, गरम झाला की पांघरूण काढायचं. बाहेर वाऱ्यावर ठेवायचा. खाली दोन विटा द्यायच्या, म्हणजे खालून हवा लागते. तरी निवला नाही तर बंद करायचा."

"आदी न्हाई का सांगायचं? आता ध्यानात ठिवलं."

बुधवारी आत्याला ताप भरला. म्हातारी घोंगडी घेऊन कुडकुडत पडली होती. म्हाळूनं तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ गरम. म्हाळूला आनंद झाला, कारण गरम झालं की काय करायचं ते आता त्याला येत होतं.

त्यानं घोंगडी काढली. आत्याला उचलून अंगणात वाऱ्यावर आणलं. खाली दोन विटा दिल्या, एक पाठीला, एक कमरेला.

"आरं मुडद्या, काय करतुयास?" आत्या ओरडली.

"खालनं हवा लागू दे, आत्या."

आत्या निवेना. उलट जास्तच तापली आणि म्हाळूच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागली. म्हणजे काही ऐकेना झाली. मग म्हाळूनं बटण शोधलं. आत्याच्या अंगावर बटणासारखं एकच होतं, ते म्हणजे नाक. ते त्यानं दाबून धरलं आणि मोजायला लागला. एक, दोन, तीन... सातला आत्याचा हात सुटला. म्हाळूच्या कानाखाली असा बसला की आठ, नऊ, दहा त्याला एकदमच ऐकू आले.

संध्याकाळी आत्या दारातच बसली होती. "वैजे, तुझ्या नवऱ्यानं मला बंद केली गं!"

वैजयंतानं पिशवी खाली ठेवली. "अहो, माणूस तापलं तर असं नसतं करायचं. कपाळावर गार पाण्याच्या घड्या ठेवायच्या. आणि तुळशीचा काढा चमच्यानं थोडा थोडा पाजायचा."

"आदी न्हाई का सांगायचं?" म्हाळू कान चोळत म्हणाला. "आता ध्यानात ठिवलं."

गुरुवारी वीज आली, वायर लावली, आणि लॅपटॉप पुन्हा गरम झाला.

म्हाळूनं आत्याचं जुनं लुगडं फाडलं. गार पाण्याच्या घड्या केल्या. एक पडद्यावर ठेवली, दोन अक्षरांवर. लॅपटॉपनं एकदा 'टूं' केलं. "व्हईल बरं, व्हईल," म्हाळू म्हणाला आणि काढा घेऊन आला. पाजायला तोंड शोधलं. बाजूला बारीक बारीक तीन तोंडं होती. कुठलं खाण्याचं आणि कुठलं बोलण्याचं ते कळेना, म्हणून त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली. पहिला चमचा आत गेला तेवढ्यात वैजयंता आली.

ती किंचाळली नाही. नुसती भिंतीला टेकली. मग घरात दोघांत मिळून जो एक फोन होता त्यावरून तिनं भावाला फोन लावला. फोनमधून दिनकररावांचा आवाज अंगणापर्यंत ऐकू येत होता.

"आधी पूस! मग पालथा कर! आन तांदळाच्या कणगीत खुपसून ठेव! तांदूळ पानी ओढून घेतो! दोन दिवस हात लावू नकोस!"

वैजयंतानं लॅपटॉप पुसला, पालथा केला आणि कणगीत खुपसला. मग म्हाळूकडं वळून म्हणाली, "ऐकलंत? भिजलं की असं करायचं."

"ध्यानात ठिवलं," म्हाळू म्हणाला.

शुक्रवारी दिनकररावांना काही राहवेना. लॅपटॉपची खबर घ्यायला ते स्वतःच निघाले. वाटेत ओढा होता. ओढ्यातल्या दगडावरून पाय घसरला आणि ते टोपीपासून वहाणांपर्यंत भिजले. दुपारी दात वाजवत म्हाळूच्या दारात उभे राहिले.

"दाजी, आधी टॉवेल द्या."

म्हाळूनं पाहिलं. मेहुणा भिजला होता. मेहुणा निथळत होता. म्हाळूनं त्याला आधी पुसला. मग पालथा केला. मग लॅपटॉप जरा बाजूला सरकवून कणगीत खुपसला.

कणगीच्या बुडाला उंदरानं केलेलं एक मोठं भोक होतं. दिनकररावांचं तोंड त्यातून बाहेर आलं, म्हणून ही गोष्ट पुढं सांगता येते. वैजयंता आली तेव्हा कणगीतून वर दोन पाय दिसत होते आणि खाली एक मिशीवाला चेहरा. भोकातून तांदूळ सांडत होता. कोंबड्या तो टिपत होत्या. मिशीत अडकलेला तांदूळसुद्धा टिपत होत्या.

"ताई," चेहरा म्हणाला, "मी हिथं परत येनार न्हाई."

"हात लावू नगंस त्येस्नी," म्हाळू बायकोला म्हणाला. "रविवारपातूर वाळत्याल."

वैजयंतानं भावाला ओढून काढलं, कोरडे कपडे दिले, चहा दिला. भाऊ गेल्यावर ती नवऱ्यापुढं बसली. "अहो, पाहुणा दारात आला की हात जोडायचे. या, बसा म्हणायचं. चहापाणी विचारायचं. तो काय मागेल ते हौसेनं द्यायचं आणि हे घर तुमचंच म्हणायचं. कळलं?"

"आदी न्हाई का सांगायचं!"

शनिवारी दुपारी म्हाळूनं कणगीतून लॅपटॉप काढला. जुना लॅपटॉप, चिवट जीव. चालू झाला. जरा तुळशीचा वास येत होता, एवढंच. वायर लावून म्हाळू दोन पावलं लांब बसून राहिला. आता आपल्या हातून काही होऊ नये म्हणून त्यानं हात पाठीमागं धरले होते. उद्या वैजूची मुलाखत होती आणि ती नोकरी तिला मिळावी असं म्हाळूला तिच्याइतकंच वाटत होतं. शिवणानं सोललेली तिची बोटं त्याला बघवत नसत.

तेवढ्यात पडद्यावर पत्र आलं. म्हाळूनं अक्षर अक्षर लावून वाचलं.

'अभिनंदन! आपल्याला नवी कोरी मोटार लागली आहे. आम्ही आपल्या दारात उभे आहोत. आत येण्यासाठी आपला पासवर्ड द्या.'

दारात पाहुणा! म्हाळू दाराकडं धावला. दारात कोंबडा उभा होता. म्हणजे पाहुणे लॅपटॉपच्या दारात असणार. म्हाळूनं लॅपटॉपला हात जोडले. "या, बसा. हे घर तुमचंच." चहा केला आणि कप हातभर लांब ठेवला, कारण पाण्याचं त्याला आता कळलं होतं. मग पाहुण्यांनी मागितला तो पासवर्ड हौसेनं दिला. वैजूनं तो भिंतीवर लिहूनच ठेवला होता.

नंतर मोटारीचा विचार त्याच्या मनात आला. अंगणाचं दार दोन हात रुंद. मोटार आत कशी येणार? पाहुण्याची मोटार रस्त्यावर उभी ठेवणं शोभतं का? म्हाळूनं पहार घेतली आणि चार तासांत अंगणाची पुढची भिंत पाडली.

वैजयंता आली. भिंत नव्हती. कोंबड्या गावभर झाल्या होत्या. म्हाळू घामानं निथळत, कुंकवाचं ताट घेऊन उभा होता.

"वैजू, मोटार यायची हाय!"

तिनं पत्र वाचलं. धावत जाऊन आधी पासवर्ड बदलला. मग ती पाडलेल्या भिंतीच्या दगडांवर बसली आणि रडली. आठवडाभर दाबून ठेवलेलं सगळं रडली.

"अहो, 'अभिनंदन' म्हणून जे येतं ना, ते सगळं खोटं असतं. आपलं अभिनंदन करायला जगात कोण रिकामं बसलंय? पुन्हा कुणी अभिनंदन म्हटलं की वाचायचं नाही, ऐकायचं नाही. सरळ उचलायचं आणि कचऱ्यात टाकायचं."

म्हाळूला तिच्या रडण्याचं फार वाईट वाटलं. त्यानं ह्या खेपेला नीट विचारून घेतलं. "आन चुकून चांगलं कायतरी टाकलं तर?"

"तर काही बिघडत नाही. कचऱ्यातलं तीस दिवस जसंच्या तसं राहतं. पाहिजे तेव्हा परत काढता येतं."

"आसं व्हय! मग काळजीच न्हाई," म्हाळू म्हणाला. "आता ध्यानात ठिवलं."

रविवारी मुलाखत झाली. लॅपटॉप पाटावर, पाट दोन विटांवर. पडद्यावर शहरातले तीन लोक आणि माळेवाडीच्या मुख्याध्यापिका मोहोळकरबाई. म्हाळूला काम एकच, कोंबड्या आत येऊ द्यायच्या नाहीत. भिंत नसल्यामुळं तो हात पसरून तासभर भिंतीच्या जागी उभा राहिला. एकही कोंबडी आत आली नाही.

शेवटी मोहोळकरबाईंनी विचारलं, "पहिलीतलं पोर आहे. एकच गोष्ट दहा वेळा सांगितली, तरी भलतंच करतं. काय कराल?"

वैजयंतानं खिडकीतून बाहेर पाहिलं. नवरा हात पसरून उभा होता.

"अकराव्यांदा सांगेन," ती म्हणाली.

दोन-तीन दिवसांत कळवू, असं बाई म्हणाल्या.

सोमवारी वैजयंता शिवणाला गेली. संध्याकाळी आल्या आल्या विचारलं, "पत्र आलं का हो?"

"न्हाई. कचरा तेवढा आला हुता. टाकला."

मंगळवारी पुन्हा. "काही आलं?"

"आजबी कचराच."

"असू दे," ती म्हणाली. पण त्या रात्री ती जेवली नाही.

बुधवारी ती आल्या आल्या म्हणाली, "फोन कुठं दिसत नाही?"

"ठिवलाय जपून," म्हाळू म्हणाला. तिनं पुढं विचारलं नाही. तिला आता फोनचं काय काम होतं? कोण करणार होतं तिला फोन?

गुरुवारी ती शिवणालाही गेली नाही. आत चुलीपुढं गुडघ्यात डोकं घालून बसली. म्हाळूला काही सुचेना. त्यानं तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला आणि अंगणात येऊन उभा राहिला.

दहाच्या सुमाराला पाडलेल्या भिंतीवरून एक बाई आत आल्या. इस्त्रीचं पातळ, चष्मा, काखेत पर्स, हातात लांब पाकीट. मुलाखतीच्या दिवशी पडद्याकडं म्हाळूची पाठ होती, त्यामुळं त्यानं बाईंना ओळखलं नाही. पण पाहुणा आला की काय करायचं ते त्याला येत होतं.

त्यानं हात जोडले. "या, बसा." खुर्ची दिली. आपल्या मनाचं काही न करता स्वच्छ तांब्यात पाणी दिलं. चहाचं विचारलं. "हे घर तुमचंच," म्हणाला. एकही चूक नाही. आत्या खाटेवरून बघत होती, तिचाही विश्वास बसेना.

बाई पाणी प्यायल्या. तांब्या खाली ठेवला. हसल्या. "वैजयंताबाई इथंच राहतात ना? आधी तुमचं अभिनंदन!"

म्हाळूचं हसू गेलं. हेच ते. ह्याच शब्दानं वैजूला रडवलं होतं. पत्रातून आलं, फोनमधून आलं, आणि आता इस्त्रीचं पातळ नेसून दारात आलं.

वाचायचं नाही. ऐकायचं नाही. म्हाळूनं बाईंना खुर्चीसकट उचललं, अंगण ओलांडलं आणि सरळ उकिरड्यात टाकलं.

कोंबड्यांचा असा गिल्ला झाला की वैजयंता धावत बाहेर आली. उकिरड्यात खुर्ची. खुर्चीत मोहोळकरबाई. हातातलं पाकीट तेवढं त्यांनी वर धरलं होतं, ते स्वच्छ होतं.

"अगं बाई! अहो, ह्या शाळेच्या बाई!"

"ह्या 'अभिनंदन' बोलल्या," म्हाळू म्हणाला. "सोमवारी एक पत्र आलं, अभिनंदनाचं. टाकलं. मंगळवारी आलं. टाकलं. काल फोनवर एक बाई अभिनंदन बोलली. फोन टाकला. आता ह्या सोताच आल्या. तू सांगितलंस तसंच केलं."

मोहोळकरबाईंनी बाजूला हात टेकला. हाताला काहीतरी लागलं. त्यांनी ते वर काढून शेण झटकलं. फोन होता.

"तरीच," त्या म्हणाल्या. "मी अभिनंदन म्हटलं आणि पुढं नुसत्या कोंबड्या ऐकू आल्या."

वैजयंताला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मिळालेली नोकरी उकिरड्यात बसली होती.

बाईंनी चष्मा पुसला. म्हाळूकडं पाहिलं. मग वैजयंताकडं पाहिलं.

"ह्यांना किती वर्षं सांगताय?"

"तीन."

"रोज?"

"रोज."

"आणि अजून सांगताय?"

"चिडते कधीकधी," वैजयंता रडत म्हणाली. "मग परत सांगते. ते मुद्दाम नाही करत हो बाई. मी सांगितलेलंच करतात."

एक कोंबडी बाईंच्या मांडीवर येऊन बसली. "मुलाखतीत तुम्ही अकराव्यांदा म्हणालात, तेव्हा मला वाटलं पाठ केलेलं उत्तर आहे," त्या म्हणाल्या. "घ्या, हा नेमणुकीचा कागद. सही करा. सोमवारपासून या. वर्गात अठ्ठेचाळीस पोरं आहेत, पण तुम्हाला सुट्टी लागल्यासारखं वाटेल."

वैजयंतानं उकिरड्याच्या कडेला उभं राहूनच सही केली. डोळ्यांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून मान तिरकी करून केली. आत्यानं खाटेवरूनच तिची दृष्ट काढून कडाकडा बोटं मोडली. म्हाळूला सगळं कळलं नाही, पण वैजू हसत होती, म्हणजे काम बरोबर झालं होतं.

"आता मला जरा हात द्या," मोहोळकरबाई म्हणाल्या.

"अहो, बघत काय राहिलात?" वैजयंता ओरडली. "काढा त्यांना बाहेर!"

म्हाळू शांतपणे खराटा घेऊन अंगण झाडायला लागला होता.

"घाई कशाची?" तो म्हणाला. "तूच सांगितलंस न्हवं? तीस दिवस जशाच्या तशा ऱ्हात्यात."